प्रेमिलाची झोप

प्रेमिला उमाटे झोपेत घोरते, हे प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एकच. हिवाळ्यात पंखे बंद झाले की त्या भिंतीतून घोरण्याचा आवाज यायचा, आणि आम्ही दोघं नवरा-बायको समजायचो की तिचा मुलगा अश्विन घोरतोय. एवढा किडकिडीत पोरगा आणि आवाज केवढा, असं आमचे हे म्हणायचेसुद्धा. तो आवाज बाईमाणसाचा असेल, असं आमच्या मनातही आलं नाही.

प्रेमिलाला मात्र ते पुरतं ठाऊक होतं. तिशीत असताना ती सासरच्या गावी एका बारशाला मुक्कामी राहिली होती. सकाळी चुलीपाशी बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. कशाला हसता म्हणून हिनं विचारलं, तर एकीनं नक्कलच करून दाखवली. तेव्हापासून ती कुणाकडे मुक्कामाला राहिली नाही. लग्न असो, तेरवी असो, शेवटच्या एसटीनं ती घरी परत. घरातही ती मागच्या खोलीत झोपायला लागली. पहाटे नळ येतात, पाणी भरायला उठावं लागतं, सगळ्यांची झोपमोड कशाला, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. पुढे गच्चीवर टाकी बसली, मोटर आली, तरी तिचं अंथरूण मागच्याच खोलीत राहिलं. नागपूरचा उन्हाळा आवडणारी बाई मी तिच्याशिवाय दुसरी पाहिली नाही. उन्हाळ्यात खिडकीतला कूलर रात्रभर घरघरतो आणि त्यात बाकी सगळे आवाज बुडून जातात, हे त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं.

काटोलकडच्या शेतकरी घरातली ही पोर. लग्न होऊन नागपूरला आली ती मनोहररावांबरोबर. ते हिंगण्याच्या एका कारखान्यात मशीनवर होते. दोघांनी पैसा जोडून आमच्या शेजारची जागा घेतली, आधी दोन खोल्या, मग हळूहळू वरचं बांधकाम. मी सरकारी ऑफिसात कारकून, ती घरी. वयानं मी बरीच मोठी, म्हणून ती मला ताई म्हणते आणि मी तिला नावानंच हाक मारते. तिच्या हाताला चव अशी, की तिच्याकडे वडाभात झाला की कंपाउंडच्या भिंतीवरून डबा इकडे येणारच. बोलायला मोकळी, हसायला पुढे. तिच्या मनात काही दडवलेलं असेल असं वाटायचंच नाही.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये नागपुरात घरटी कुणी ना कुणी आजारी होतं. मनोहररावांना दवाखान्यात नेलं आणि ते परत आले नाहीत. अश्विन तेव्हा स्वतः पॉझिटिव्ह, वरच्या खोलीत एकटा. प्रेमिला खाली एकटी. मी भिंतीपलीकडून डबे देत होते, याहून जास्त काही करता येत नव्हतं.

वर्षभरानं कारखान्यानं तिला कॅन्टीनमध्ये नोकरी दिली. अश्विन विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीत एका कंपनीत लागला. ती रोज सकाळी चौकातून कंपनीची बस धरायची. आम्हाला वाटलं, बाई सावरली. पण ती दिवसेंदिवस सुकत चालली. सकाळी उठायची तीच डोकं धरून. आमच्याकडे सांबाराची जुडी निवडायला बसली की बोलता बोलता मान खाली जायची आणि कोथिंबिरीची काडी तशीच हातात राहायची. बीपीच्या गोळ्या दोनदा वाढवल्या तरी बीपी उतरेना. कुणी म्हणालं, वय झालं, पाळी जाताना असं होतंच. कुणी म्हणालं, नवरा गेल्याचं मनाला लागलंय. तिलाही तसंच वाटायला लागलं. रात्रभर झोपून सकाळी थकलेलं उठायचं म्हणजे आपलाच काही दोष असणार, अशी तिची समजूत होती.

एकदा ती बसमध्ये झोपली आणि घोरली. जाग आली तेव्हा मागच्या सीटवरची पोरं हसत होती. त्या दिवसापासून बसमध्ये जागा असली तरी ती दांडी धरून उभी राहायची. हिंगण्यापर्यंत उभी, येतानाही उभी. पाय दुखले तर झोप येत नाही, असं तिनं मला फार नंतर सांगितलं.

मग ती कॅन्टीनची गोष्ट घडली. दुपारच्या चहाचं दूध मोठ्या शेगडीवर ठेवून ती स्टुलावर जरा टेकली, तेवढ्यात डोळा लागला. दूध उतू गेलं, शेगडी विझली आणि गॅस तसाच सुरू राहिला. धोंडबा नावाचा म्हातारा आचारी बाहेरून आला तेव्हा खोलीत वास कोंडला होता आणि ही स्टुलावर भिंतीला टेकून झोपलेली. त्यानं कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या, तिला हाताला धरून बाहेर आणलं. कुणाला काही झालं नाही. धोंडबा तिला एक शब्द बोलला नाही, पण गोष्ट लपवण्यासारखी नव्हती. तिला शेगडीवरून काढून ताटं वाढायच्या कामाला लावलं, आणि कारखान्यात आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरकडे पाठवलं.

डॉक्टर मधुवंती वयानं तरुण. तिनं बीपी पाहिलं, गळ्याचा घेर मोजला आणि विचारलं, तुम्ही झोपेत घोरता का? प्रेमिला म्हणाली, नाही. डॉक्टरनं पुन्हा विचारलं नाही. एवढंच म्हणाली की पुढच्या वेळी घरातलं कुणीतरी सोबत आणा.

अश्विन सुट्टी टाकून गेला. त्यालाही डॉक्टरनं तेच विचारलं. पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण सांगणं एकच होतं. अश्विननं मान खाली घालून सांगितलं की आई घोरते. मध्येच आवाज एकदम बंद होतो, श्वास घेतच नाही असं वाटतं, मग दचकून पुन्हा सुरू होतो. तो कॉलेजात होता तेव्हापासून असंच आहे.

प्रेमिला त्याच्याकडे पाहत राहिली. "तुले माहीत होतं?"

"घरात सगळ्याईले माहीत आहे, आई. बाबाले बी माहीत होतं. ते म्हनत, आईले सांगू नको, तिले लाज वाटते."

म्हणजे मागच्या खोलीत झोपण्याचं ते नळाचं कारण मनोहररावांनी इतकी वर्षं खरं मानल्यासारखं केलं होतं. हे ऐकून ती डॉक्टरसमोर रडली. डॉक्टरनं तिला रडू दिलं, मग समजावून सांगितलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. श्वास अडकला की मेंदू घाबरून माणसाला उठवतो. सकाळी ते उठणं आठवत नाही, पण रात्रभर तेच चाललेलं असतं. त्यामुळे माणूस अंथरुणावर पडून राहतो, पण त्याची झोप होतच नाही. बीपी वाढतं, डोकं दुखतं, दिवसा कुठेही डोळा लागतो. "यात तुमचा आळस नाही आणि लाजण्यासारखंही काही नाही," डॉक्टर म्हणाली. प्रेमिलाला त्यातलं पहिलं वाक्य पटलं, दुसरं पटायला वेळ लागला.

एक रात्र दवाखान्यात अंगाला वायरी लावून झोपायची तपासणी झाली. आजार चांगलाच वाढलेला निघाला. औषध गोळीचं नव्हतं, सीपॅप नावाच्या मशीनचं होतं. हे मशीन नळीतून हवेचा हलका दाब नाकातोंडात सोडत राहतं, त्यामुळे घशातली वाट मिटत नाही. रोज झोपताना ते लावायचं. वजन कमी करायचं तेही सांगितलं, पण मशीन त्याआधी.

मशीन घेऊन उत्तरा आली, एका कंपनीची मुलगी, घरोघरी जाऊन मशीन बसवून शिकवणारी. दुपारची वेळ होती. प्रेमिलानं मलाही बोलावून घेतलं होतं. उत्तरानं पिशवीतून छोट्या टिफिनएवढं मशीन काढलं, पाण्याची टाकी भरून दाखवली, नळी जोडली. मग मास्क काढला. प्रेमिला तोंडानं श्वास घेते म्हणून नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क आणला होता. डोक्यामागून पट्टे ओढून तिनं तो बसवला आणि मशीन सुरू केलं.

प्रेमिलाचे डोळे मोठे झाले. दोन्ही हातांनी तिनं मास्क ओढून काढला, पट्टा केसांत अडकला तो तसाच तोडल्यासारखा सोडवला, आणि उठून मागच्या अंगणात निघून गेली. उत्तरानं आम्हाला सांगितलं की पहिल्यांदा पुष्कळांना गुदमरल्यासारखं वाटतं, घाई करू नका. संध्याकाळी अश्विन आला तेव्हा मशीन कपाटात गेलं होतं. तो चिडला. एवढं सगळं केलं आणि लावायचंच नाही म्हणजे काय, असं त्याचं म्हणणं. पुढचे काही आठवडे मशीन कपाटातच राहिलं. ती बसमध्ये उभीच राहत होती, आणि घरात माय-लेकांचं बोलणं कामापुरतं झालं होतं.

तिनं मला सांगितलं ते एका रविवारी सकाळी, गच्चीवर सांडगे घालताना. सांगताना हात थांबवले नाहीत, माझ्याकडे पाहिलं नाही. मनोहरराव दवाखान्यात असताना एका नर्सनं तिला व्हिडीओ कॉल लावून दिला होता. त्यांच्या तोंडावर तसाच मास्क होता, डोक्यामागून तसेच पट्टे, तशीच नळी. ते काहीतरी सांगत होते. ओठ हललेले दिसत होते, पण मास्कमधून आवाज येत नव्हता. त्यांनी मास्क काढायला हात वर नेला, तर कुणीतरी बाजूनं हात धरून तो खाली केला. मग फोन बंद झाला. तेच शेवटचं पाहणं.

"ताई, काय म्हनत होते थे मले आजपर्यंत समजलं नाई," ती म्हणाली. "हे तोंडावर आलं की मले वाटते, आता मी बी बोलीन अन् कोनाले ऐकू येनार नाई."

अश्विनला हे सांगितलंस का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. तो तेव्हा वर एकटा तापात पडला होता, त्यानं तो कॉल पाहिलाच नव्हता, आता त्याच्या डोक्यात ते चित्र कशाला घालायचं, असं तिचं मत. मी म्हटलं, त्याच्या डोक्यात दुसरं चित्र बसलंय, की आईला स्वतःची पर्वाच नाही. तू सांग, नाहीतर मी सांगते. आता तिचे हात थांबले. मग म्हणाली, मीच सांगतो त्याले, पन तुम्ही बसा.

त्याच दुपारी जेवणं झाल्यावर तिनं सांगितलं. अश्विन ऐकत राहिला. त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं. मग तो म्हणाला, "आई, बाबाले थे वाचवासाठी लावलं होतं. त्या मास्कनं त्याईले नाई मारलं."

"समजते मले. डोक्याले समजते, हाताले नाई समजत. हात आपोआप जाते काढाले."

अश्विननं त्यावर समजूत घातली नाही. तो उठून तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि त्या वेळी वरच्या खोलीत त्याला काय काय वाटत होतं ते सांगायला लागला. खालून आईच्या रडण्याचा आवाज यायचा आणि खाली उतरता येत नव्हतं, हे त्यानं आजवर सांगितलं नव्हतं. मी तिथून उठले आणि घरी आले. तीन वर्षांत त्या दोघांनी त्या दिवसांबद्दल आपसात एकदाही बोलणं केलं नव्हतं, हे मला तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी अश्विननं उत्तराला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती पुढच्या आठवड्यात दुसरा मास्क घेऊन आली. हा लहान होता, फक्त नाकाखाली बसणारा. तोंड मोकळं. उत्तरा म्हणाली की मशीन जोडायचंच नाही. नुसता हा दिवसा लावून बसा, टीव्ही पाहा, भाजी निवडा. नकोसा झाला की तुमच्या हातानं काढा, मन झालं की पुन्हा लावा. कुणी तुमचा हात धरणार नाही.

प्रेमिलानं तो लावला. हातानं चाचपून पाहिला. मग आत स्वयंपाकघरात असलेल्या अश्विनला तिनं मोठ्यानं हाक मारली, "अश्विन, दूध आनलं का गा?"

"आनलं," तो आतून म्हणाला.

तिनं पुन्हा विचारलं, "दही बी लावून ठेवतो का?" त्यानं हो म्हटलं. मग मला, मग उत्तराला, तिनं उगाचच काहीतरी विचारलं. प्रत्येकाकडून उत्तर येत गेलं तशी तिची मांडीवर घट्ट दाबलेली बोटं सुटत गेली.

त्यानंतर ती सुट्टीच्या दिवशी तो मास्क लावूनच माझ्याकडे भाजी निवडायला येऊ लागली. पहिल्यांदा आमचे हे दचकले, पण मग त्यांनाही सवय झाली. ती तशीच गप्पा मारायची, हसायची, चहा प्यायची. पुढे मशीन जोडून बसायला लागली. तोंड उघडलं की हवा फस्स करून बाहेर यायची आणि तिला हसू यायचं. मग दुपारी मशीन लावून आडवी व्हायला लागली. हळूहळू रात्र आली.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पहिले काही दिवस ती मास्क लावून झोपायची आणि सकाळी तो उशीखाली सापडायचा. कधी काढला ते तिलाही आठवायचं नाही. नाकाखाली लाल वळ उठले. रात्री तोंड उघडं राहून घसा कोरडा पडायचा, त्याला उत्तरानं हनुवटीला बांधायचा एक मऊ पट्टा दिला. डिसेंबरच्या थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड व्हायला लागली आणि थंड थेंब नाकात आले, तेव्हा तिनं वैतागून मशीन पुन्हा कपाटात ठेवलं. या वेळी अश्विन चिडला नाही. त्यानं उत्तराला विचारलं. ती म्हणाली, नळीला काहीतरी गरम पांघरूण घाला. प्रेमिलानं जुनी शाल कापून नळीला लांब पिशवी शिवली आणि मशीन पुन्हा बाहेर आलं. आणि तिचं अंथरूणही मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आलं, कारण मशीनला लागणारा प्लगपॉइंट तिथे पलंगापाशी होता. निदान तिनं कारण तसं सांगितलं.

संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. सकाळी ऊन वर आलं तरी प्रेमिला उठली नव्हती. कंपनीची बस निघून गेली. अश्विन आंघोळ करून आला, आई अजून अंथरुणात पाहून घाबरला. खोलीत मशीनच्या बारीक सुस्काऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. त्यानं तिला खांद्याला धरून हलवलं. तिनं डोळे उघडले, मास्क काढला आणि किती वाजले म्हणून विचारलं. वाजले ते ऐकून ती उठून बसली आणि नुसती बसूनच राहिली. डोकं दुखत नव्हतं. इतक्या वर्षांची सवय अशी, की न दुखणारं डोकं कसं असतं तेच ती विसरली होती. त्या दिवशी तिनं कामावर खाडा केला. कंपाउंडच्या भिंतीपाशी येऊन मला म्हणाली, "ताई, झोप असी असते का? मंग मी आतापर्यंत काय करून राहिली होती?"

झोप परत आली तशी स्वप्नंही परत आली. डॉक्टर मधुवंतीनं सांगितलं की असं पुष्कळांना होतं, गाढ झोप लागायला लागली की थोपून राहिलेली स्वप्नं गर्दी करतात. प्रेमिलाला आधी कसली कसली स्वप्नं पडली, माहेरची, शाळेतली, मेलेल्या म्हशीचीसुद्धा. मग एकदा मनोहरराव आले. मी उत्सुकतेनं विचारलं, काय बोलले? ती म्हणाली, काहीच नाही. बांधावर बसून संत्रं सोलून राहिले होते. एक फोड मला दिली, एक स्वतः खाल्ली. तेवढंच. तो कॉल तिला अजूनही आठवतो, पण आता त्यांना आठवताना ते बांधावरचेही आठवतात, असं ती म्हणते.

बीपीची एक गोळी कमी झाली, एक चालूच आहे. बसमध्ये ती बसायला लागली. कॅन्टीनमध्ये पुन्हा शेगडीवर घ्या म्हणून तिनं स्वतः जाऊन सांगितलं. डॉक्टरनं तसं लिहून दिलं, आणि धोंडबानंही साहेबांपाशी शब्द टाकला. आता कॅन्टीनमधली पोह्यांवरची तर्री तिच्या हातची असते.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या मोठ्या नणंदेच्या, कांताबाईंच्या नातीचं लग्न होतं, काटोलजवळच्या गावी. प्रेमिला नेहमीप्रमाणे त्याच दिवशी परत यायच्या बेतात होती. अश्विननं मशीनची पिशवी गाडीत ठेवली आणि सांगितलं की आता तुला पळून यायची गरज नाही. ती रागावली, पण पिशवी बाहेर काढली नाही.

जेवणं उरकल्यावर बायका मोठ्या खोलीत सतरंजीवर आडव्या झाल्या. बाहेर ऊन असं, की अंगणातल्या मांडवातही कुणी थांबेना. प्रेमिला पिशवी मांडीवर घेऊन भिंतीशी बसून राहिली. इतक्या बायकांत ते बाहेर काढायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण पहाटेपासून उठलेली, डोळे मिटायला लागले होते, आणि मास्कशिवाय डोळा लागला तर काय होईल ते तिला माहीत होतं. शेवटी तिनं मशीन लावलं, मास्क घातला आणि पदर ओढून घेऊन आडवी झाली. पोरं गोळा झाली. पलीकडून एक म्हातारी दुसरीला सांगताना तिनं ऐकलं, "ऑक्सिजन लावला वं तिले. लय बिमार दिसते."

प्रेमिला उठून बसली. तिनं मास्क काढून हातात धरला.

"बिमार नाई, काकू. मी घोरतो. झोपेत माहा श्वास अडकते, म्हनून हे लावा लागते."

ती मला सांगत होती की तेवढं बोलून, आता बायका हसतील म्हणून ती वाट पाहत होती. एक-दोघी हसल्याही. पण कांताबाई हसल्या नाहीत. त्या उशीवरून उठल्या, हिच्याजवळ सरकून बसल्या आणि अडकतो म्हणजे नेमकं कसं होतं, ते विचारायला लागल्या. प्रेमिलानं सांगितलं. कांताबाई बराच वेळ मान हलवत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मले रातच्याले गळा दाबल्यावानी होते. उठून बसतो मी. भूतबाधा असन म्हनून कोनाले सांगतलं नाई."

तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला, मशीनही थांबलं. पोरं ओरडत बाहेर पळाली. प्रेमिला मशीन आवरायला लागली, तर कांताबाईंनी तिचा हात धरला. तू झोप, म्हणाल्या, श्वास अडकला तं मी हालवतो. त्यांनी हातपंखा घेतला आणि खरोखर तिच्या उशाशी बसून राहिल्या. मशीन नसताना ती घोरली असणारच. लाइट आल्यावर तिला जाग आली तेव्हा कांताबाई तशाच बसलेल्या होत्या, पंखा हातात. म्हणाल्या, तीनदा हालवलं तुले.

त्या रात्री प्रेमिला मुक्कामाला राहिली.

पावसाळा संपता संपता अश्विननं कांताबाईंना नागपूरला आणलं. त्यांचीही तपासणी झाली, आणि निघायचं तेच निघालं. मशीन शिकवायला उत्तराच आली, पण कांताबाईंनी तिचं फारसं ऐकलं नाही. त्यांना प्रेमिलानंच सगळं दाखवावं लागलं. पट्टा कुठून घ्यायचा, पाणी कुठलं घालायचं, मास्क साबणानं धुऊन सावलीत कसा वाळवायचा. आधी नुसतं लावून बसा, माह्याशी बोला, असं ती त्यांना सांगत होती. कांताबाई बोलायला कमी नव्हत्याच. नाकाला टोचते, हवा लय थंड आहे, हे काय हत्तीची सोंड लावून दिली, असं त्यांचं दिवसभर चाललं होतं. पण काढला तरी पुन्हा लावत होत्या. पहिले काही दिवस त्यांनी प्रेमिलाकडेच राहायचं ठरलं.

परवा रविवारी सकाळी मी कढीपत्ता द्यायला त्यांच्याकडे गेले. ऊन अंगणात पसरलं होतं. दार अश्विननं उघडलं. त्याच्या हातात चहाचं भांडं होतं. पुढच्या खोलीत पलंगावर प्रेमिला आणि खाली गादीवर कांताबाई, दोघी कुशीवर वळून झोपलेल्या होत्या.

"काकू, हळू बोला," तो म्हणाला. "दोघीबी उठल्या नाई अजून."

मी कढीपत्ता त्याच्या हातात दिला आणि परत आले.